पानाची शेवटची ओळ

ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवाल्यांत नोटेशनची एकच वही असते. पान संपत आलं की आतल्या खुर्चीवरच्यानं वाजवणं थांबवून ते उलटायचं, प्रेक्षकांकडच्या, बाहेरच्या खुर्चीवरच्यानं वाजवत राहायचं. सव्वीस वर्षं धाकटे आत बसले आणि थोरले बाहेर. ही नावं ऑर्केस्ट्रानं ठेवलेली. दोघं एकमेकांचे कुणी लागत नव्हते. पण धाकट्यांना दुसरं कुणी नव्हतंच.

थोरले वारले आणि बाहेरची खुर्ची धाकट्यांकडे आली. पहिल्याच तालमीत पान संपताना त्यांचा गज सवयीनं थांबला आणि हात वहीकडे गेला, तो थेट शेजारच्या नव्या मुलीच्या हातावर आपटला.

"अहो काका, पान माझ्याकडे! तुम्ही वाजवा की," ती हसू दाबत म्हणाली.

संचालकांना हसू आलं नाही. "उद्याही असंच झालं, तर पुन्हा आत बसा."

घरी येऊन धाकटे बुटांसकट स्टँडपुढे उभे राहिले. पानांच्या शेवटच्या ओळी ते सरावातही सोडून देत. आपल्याला कुठं वाजवायच्यात? आज त्या वाजवल्या, तर बोटं कुठंच अडली नाहीत. सव्वीस वर्षं कानावर पडलेलं सगळं हातात उतरलं, थोरल्यांची खोडसुद्धा. शेवटचा सूर ते केसभर लांबवायचे. धाकटे त्यावरून त्यांना टोमणे मारत. पान उलटून होईपर्यंत ते आपल्यासाठी थांबत होते, हे आज कळलं.

धाकट्यांनी तो सूर तसाच धरून ठेवला. गज टोकाला पोचला, तरी पान कुणी उलटलं नाही.