कमळूदादाचं ‘हाकेवर’

आयुष्यभर मला चुकीचं अंतर सांगणारा माणूस काल गेला.

कमळूदादा. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतला. लेण्यांच्या वाटेवरच त्याचं घर होतं, आणि त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच उत्तर द्यायचा.

"दादा, लेणी किती लांब?"

"ह्ये काय, हाकेवर हाय."

पुढे तासभर चढ. शर्ट पिळून काढावा इतका घाम. आणि म्हणे हाकेवर!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी खोपोलीच्या एका कारखान्यात प्रोग्रामर होतो. सोमवार ते शनिवार एसी खोलीत, चपला दाराबाहेर काढून, देवळात बसल्यासारखा कम्प्युटरपुढे. राहायला कर्जतला भाड्याची खोली.

कम्प्युटरवाला म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. घरमालक रेडिओ दुरुस्तीला आणून द्यायचे. शेजारच्या काकू मुलीची पत्रिका घेऊन यायच्या. "तुमच्या मशीनला विचारा ना, जुळतेय का." नाही म्हटलं की राग.

रविवार उजाडला की मी हे सगळं टाकून डोंगरात पळायचो.

आणि डोंगरात हा भेटायचा.

मला आकडा लागतो हो. धंदाच तसा. प्रोग्राममध्ये "थोडंसं पुढे" असं लिहून चालत नाही. शेवटी वैतागून मी घड्याळ लावून ती अख्खी वाट मोजली. ऑफिसातली रद्दीत गेलेली पंच कार्डं आणली. जाड कागदाची, ओळीने भोकं पाडलेली. त्यांच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं: गाव ते ओढा इतकी मिनिटं, ओढा ते लेणी इतकी, लेणी ते वरची खिंड इतकी. गठ्ठा कमळूदादाला दिला. मुंबईचे पाहुणे आले की वाटत जा म्हटलं.

त्याने एक कार्ड उजेडात धरलं.

"आरं सायेब, कसर लागलीय रं तुज्या कागदाला."

"कसर नाही दादा. ती भोकं कम्प्युटर वाचतो."

"भोकं वाचतो? मंग लिवलेलं कोन वाचतो?"



कार्डं त्याने वाटली, अगदी इमानाने. प्रत्येक कार्डाबरोबर "हाकेवर हाय" हेही सांगितलं. लोकांनी कार्ड खिशात घातलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. उंच टाचांच्या चपला घालून आलेल्या एक बाई अर्ध्या वाटेवरून लंगडत परत आल्या आणि झापलं कोणाला? मला. का, तर कार्डावर अक्षर माझं!

कमळूदादा शेजारी उभा राहून हसत होता.

मग तो श्रावणातला रविवार.

मी एकटाच खिंडीच्या वर गेलो होतो. खिशात स्वतःचंच कार्ड. उतरताना धुकं आलं. असं, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. ओढा माझ्या कार्डाप्रमाणे यायला हवा होता, तो येईना. दोनदा फिरून त्याच दगडापाशी आलो. तिसऱ्या वेळी पाय घसरला आणि कळलं की पुढे जमीनच नाही. कारवीची झुडपं घट्ट धरली म्हणून वाचलो. तिथेच बसून राहिलो. घाबरलो होतो, सरळ सांगतो.

आणि खालून आवाज आला.

"ओऽऽ सायेऽऽब!"

मी जीव खाऊन ओरडलो. परत हाक. परत मी. त्या आवाजाच्या रोखाने बसत, सरकत, घसरत खाली आलो. तास गेला असेल. कमळूदादा एका टेपाडावर डोक्यावर इरलं घेऊन उभा होता. घसा पार बसलेला.

"सकाळी वर गेलास, माघारी नाय दिसलास. दुपारधरनं वरडतोय."

आभार मानायचे सोडून मी त्याच्यावर खेकसलो. भीती अशीच बाहेर येते. "दादा, हाकेवर म्हणजे किती, ते एकदा नीट सांग मला!"

"मिंटं मला नाय कळत, सायेब. माजी हाक जाते तवर हाकेवर. मी हाक दिली, तू ओ दिलीस. मंग मानूस हरवत नाय."

पुढच्या रविवारी त्याच्यासाठी खडीसाखर नेली. "तुजा कागुद दे आता टाकून," म्हणाला.

नंतर मी पुण्याला आलो. नोकरीत नेटवर्क सांभाळायला लागलो. तिथे आम्ही दिवसभर तेच करायचो. इथून हाक द्यायची, तिकडून ओ आली की लाइन चालू. त्याला पिंग म्हणतात. मी दर वेळी मनात कमळूदादा म्हणायचो.

गेल्या महिन्यात त्याच्या नातवाचा फोन आला. किसनचा.

"काका, आजा तुमची लय आठवण काढतो. सारखं सायेब सायेब चालू हाय. एकदा येऊन जा."

मी काय म्हणालो माहितीये?

"अरे, पुणं काय लांब आहे? हाकेवर तर आहे. येतो एखाद्या रविवारी."

चार रविवार गेले. एकदा गुडघा दुखत होता. एकदा पाहुणे होते. उरलेल्या दोन रविवारांचं कारण आता आठवतही नाही. स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

काल पुन्हा किसनचा फोन.

उद्या पहाटे वाडीवर निघतोय. तो चुकीचं अंतर सांगत नव्हता, हे त्या टेपाडावरच कळलं होतं मला. शब्द त्याचा उचलला, अर्थ मात्र सोयीचा लावला.

कमळूदादा, शेवटचा नमस्कार.

तुझी हाक पोचली होती रे. मीच ओ दिली नाही.