बांधावरचं हिरवं

देवणीच्या शिवारात खुरपायला नागुबाईचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. खुरपणाऱ्या बाईनं संध्याकाळी तणाचा भारा घरी न्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्याच भाऱ्यांवर तिनं माहेरून आलेली देवणी गाय पोसली. गाय काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, चालली की माणसं वळून बघत. आजवर तिला गोऱ्हेच झाले होते. पहिली कालवड लेकीला, शिवकन्येला द्यायची, हा शब्द नागुबाईनं तिच्या लग्नाच्या मांडवात दिला होता.

मग तणनाशक आलं आणि खुरपणं गेलं. त्या साली पाऊसही गेला. उदगीर जिल्हा होणार म्हणून पारावर पैजा लागत होत्या, आणि गावात कडब्याची पेंढी दिसत नव्हती. हिरवं उरलं ते बागायतदार व्यंकटरावांच्या विहिरीजवळच्या बांधावर. फवारलं तरी गवत लगेच जळत नाही, काही दिवस हिरवंच उभं राहतं. नागुबाई फवारणीच्या पंपामागोमाग विळा घेऊन जायची. औषधाच्या तोंडचा घास काढून आणला, असं ऐटीत सांगायची.

गाय माजावर येईना.

गुरांच्या डॉक्टरांनी गाय तपासली, वैरणीचं विचारलं. फवारलेलं गवत म्हटल्यावर ते थबकले. असली काही औषधं जनावराच्या अंगातल्या माजाच्या रसांत ढवळाढवळ करत असावीत, असं अभ्यास करणारे म्हणतात. या गायीचं तसंच झालं का, हे सांगता येत नाही. पण ते गवत बंद करा, म्हणाले.

"बंद करते. मग घालू काय?"

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "उपाशी गाय बी माजावर येत न्हाई, मावशी."

दोन दिवस गव्हाण रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी नागुबाई व्यंकटरावांकडे गेली. बांध फवारू नका, मी फुकट खुरपून देते, म्हणाली.

"तुझ्या एका गायीपायी, तू खुरपेस्तोवर रानभर तणाचं बी उडू देऊ का, काकू?" ते म्हणाले. "आन् सकाळीच फवारून झालंय."

ती बांधावर जाऊन उभी राहिली. गवत कालच्यासारखंच हिरवं होतं, वाऱ्यावर डुलत होतं. गावाकडून गायीचं हंबरणं ऐकू येत होतं. ती खाली बसली, उठली, परत बसली. मग विळा घातला.

भारा नेहमीपेक्षा लहान बांधला. वाटेत दोनदा उतरवला. दावणीला गाय मान ताणून उभीच होती.