श्रावणातले प्रश्न

जनार्दन सरांच्या लेखी संशोधन शिकवणं म्हणजे पंख्याखाली बसून फळ्यावर सूत्रं उतरवणं. दोन हजार सात साली सुनीती लातूरच्या नोकरीतून रजा काढून नर्सिंगच्या एमएस्सीला पुण्यात आली आणि नेमकी याच माणसाच्या हाताखाली सापडली. प्रबंधावर दिवाळीआधी सरांची सही झाली तर ठीक, नाहीतर परीक्षा हुकणार.

विषय सरांचाच. मुळशीतल्या लेकुरवाळ्या बाया प्रथिनं किती खातात? पौडकडची गावं वर्गातल्या कौस्तुभला, मालेकडची सुनीतीला. कौस्तुभ चार घरं फिरला आणि बाकीची उत्तरं पौडच्या स्टँडवर वडापाव खात स्वतःच भरून मोकळा झाला. वर शहाणपण, "सगळ्या एकच बोलतात हो मॅडम. कशाला चिखल तुडवता?"

सुनीतीने तुडवला. "गेल्या आठवड्यात अंडी, मासे, मटण खाल्लं?"

घरोघर तेच. "न्हाई बाई."

मालेत गौतमी नावाची पोरगी बाळाला पाजत बसली होती. तीही न्हाईच म्हणाली. सुनीती लिहायला वाकली, तर ओसरीवर मासे धरायचं जाळं, खडखडीत वाळलेलं. आणि सुनीतीच्या स्वतःच्या पोटात श्रावणी सोमवारचा उपास! तिने कपाळावर हात मारला.

"दसरा होऊ द्या, मग या ताई," गौतमी हसली. "खेकड्याचा रस्सा करते. लई झणझणीत."

सुनीतीने सरांना श्रावणाचं सांगितलं, दसऱ्यानंतर पुन्हा विचारायला हवं म्हणाली.

"श्रावण कुठल्या पुस्तकात आहे?" सर म्हणाले. "आकडे कसे सरळ आलेत बघ. हात लावू नकोस."

हेच सर गटारीला सगळ्या बॅचला ढाब्यावर घेऊन गेले होते आणि कोंबडीची तंगडी फोडत म्हणाले होते, "खाऊन घ्या, आता महिनाभर बंद!" देवाचा महिना ताटात पाळायचा आणि कागदावर विसरायचा. असली यांची भक्ती, असलीच यांची विद्या.

"सर, हे खोटं ठरेल."

"तुला सही हवीय ना?"

सुनीतीने कागद उचलले आणि नमस्कार न करताच निघाली.

दसऱ्यानंतर ती पुन्हा घरोघर गेली. परीक्षा हुकली ती हुकलीच. पुढच्या खेपेला दुसऱ्या मार्गदर्शक बाईंच्या सहीने ती पास झाली. कौस्तुभने मात्र दिवाळीआधीच पेढे वाटले. त्याचा प्रबंध सोनेरी अक्षरांत ग्रंथालयात उभा आहे. त्यात मुळशीच्या बाया मासळीला शिवत नाहीत, आणि शेवटी शिफारस आहे की, त्यांना मासे खायला शिकवावं.