जिन्यातली गोष्ट

आमची मुलगी तिसऱ्या मजल्यावरचं घर गाठायला दहा मिनिटं घ्यायची आणि त्यात काही वावगं आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची. बाळंतपणानंतर बायकोचं हृदय कमजोर झालं, ते पुन्हा सुधारलं नाही. डॉक्टर 'पंपिंग कमी आहे' म्हणत, जणू पालिकेच्या पाण्याविषयी बोलताहेत. संध्याकाळी आम्ही तिघं तलावाकाठी, तलावपाळीपर्यंत जाऊन येत असू. दिवसाची तेवढीच चढ-उतर तिला परवडायची.

परतताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर तिला थांबावं लागे. मुलीला कारण कळू नये म्हणून तिने युक्ती काढली : गोष्ट सांगायची ती फक्त वळणावर. दोन वाक्यांपुरताच श्वास असायचा, म्हणून गोष्टही दोन-दोन वाक्यांची. पहिल्या वळणावर ससा घरातून निघे, तो शेवटच्या वळणानंतर आमच्या दाराशी पोचे.

"पुढे काय झालं?"

"पुढच्या वळणावर."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्या वळणावर 'जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये. हुकमावरून' असा बोर्ड लावला होता. त्याच बोर्डाखाली एक दिवस त्यांनी स्वतःच्या घरातलं लाकडी स्टूल आणून ठेवलं. मी बोर्डाकडे पाहिलं, तर म्हणाले, "ती वस्तू नाही." बायको जाऊन दोन वर्षं होतील. बोर्ड आणि स्टूल, दोन्ही तिथेच आहेत.

ती असतानाच, एका जूनमध्ये, मुलगी ज्युनियर केजीत गेली. शाळेने प्रवेशोत्सव ठेवला होता. ढोल, फुग्यांची कमान, आणि फ्लेक्सवर पाहुण्यांचा चेहरा, शाळेच्या नावाच्या तिप्पट. पाहुणे 'थोडक्यात सांगतो' म्हणून अर्धा तास बोलले. मुलं भोकाड पसरून रडत होती, तो बहुधा त्यांना प्रतिसाद वाटला. बायको मंडपाच्या खांबाला टेकून उभी.

"बस ना," मी म्हटलं.

"सगळ्या आया उभ्या आहेत," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी टीचरने आम्हाला बोलावलं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. आमची मुलगी जिन्याच्या वळणावर थांबायची, मागची रांग अडायची, ढकलाढकली व्हायची.

"विचारलं तर म्हणते, आता गोष्ट सांगा," टीचर म्हणाली. मग आवाज उतरवून, "मॅडम, फॉर्मवर आईला हार्टचं लिहिलंय. म्हणजे हिलाही काही...?"

टीचर वाईट नव्हती, घाबरलेली होती. डॉक्टरांचं सर्टिफिकेट येईपर्यंत खेळाच्या तासाला मुलीला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवायचं ठरलं.

मुलीच्या हृदयाचा इको काढला. रिपोर्ट येईपर्यंतच्या दोन दिवसांत आम्ही नवरा-बायको एकमेकांशी फक्त डब्यात काय द्यायचं एवढंच बोललो. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "पळवा हिला." तिला काहीच झालेलं नव्हतं. आम्हीच तिला आजारी माणसासारखं चढायला शिकवलं होतं.

रिक्षा घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "आणि मला वाटत होतं, मी किती हुशार."

त्या संध्याकाळी तिने खालच्या पायरीशी नियम बदलला. "आजपासून गोष्ट वर, दारात. जो आधी पोचेल, त्याने सांगायची."

"मला नाही येत सांगता."

"येईल. पळ."

मुलगी पहिल्या वळणापर्यंत गेली आणि परत येऊन तिने आईचं बोट धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

"अगं, मागे का येतेस सारखी?"

"तू एकटी पडशील ना."

मी हातातल्या पिशवीतली मेथी उगाच खालीवर करत राहिलो. बायको चिडलीच. निदान आवाज तरी चिडका होता. "मला कोण पळवून नेतंय? बाबा आहे ना इथे! जा म्हटलं ना!"

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी पावलं पहिल्या वळणावर थांबली नाहीत. दुसऱ्यावरही नाहीत. वर आमचं दार थडाथडा वाजलं. तोवर आम्ही स्टुलापर्यंत पोचलो होतो. बायको बोर्डाखाली बसली, आणि वरून आवाज आला :

"एक होता ससा! ऐकू येतंय का?"

तिच्याजवळ उत्तर देण्याइतका श्वास नव्हता. तिने मला खूण केली.

"येतंय!" मी ओरडलो.

"तू नाही, बाबा! आई!"

ती उठली. कठडा धरून वाकली, थोडं थांबली आणि म्हणाली, "येतंय!" तेवढं म्हणून ती पुन्हा स्टुलावर बसली.

ससा घरातून निघाला. तिच्या आईच्या गोष्टीत कधी नव्हता तो वाघ त्याला भेटला, मग रिक्षावाला, मग टीचर. दोन वाक्यांनंतर थांबायचं असतं हे मुलगी विसरून गेली होती. आम्हाला अजून चार वळणं चढायची होती. मी हात पुढे केला.

"थांब जरा," बायको म्हणाली. "तिला सांगू दे."