ओझ्याच्या दगडाची उंची

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मोकळेपणानं हसता येईल.

आमच्या चेन्नईतल्या मैलापूरच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी जळाऊ लाकडाची वखार होती. घरोघरी गॅस आला तशी ती बंद पडली. मग त्या जागेत गाड्या लावत, कुणी मांडवाचे बांबू ठेवत. आता तिथं चार मजली इमारत आहे, खाली दुकानं आणि वर ऑफिसं. ती बांधत होते तेव्हाची ही गोष्ट.

एका दुपारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी. मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "पाटी, इंगे मुन्नाडी..." म्हणजे ‘आजी, इथं पूर्वी...’ आणि अडली. पुढचा शब्द सापडेना म्हणून स्वतःशीच पुटपुटली, "अरे देवा, काय म्हणतात त्याला!"

मी म्हटलं, "देवाला इथंही देवच म्हणतात. ये आत."

ती जी चमकली! नाशिकची होती, त्या इमारतीची आर्किटेक्ट. आमची मराठी तंजावरची, कितीतरी पिढ्या तमिळमध्ये मुरलेली, आणि तिची गोदावरीकाठची, खळखळ वाहणारी. ती माझ्या बोलण्याला हसायची, मी तिच्या. दोन लोटे कॉफी झाली तेव्हा कुठं ती कामाचं बोलली. या भागाचा जुना इतिहास इमारतीत दिसला पाहिजे, असं मालकांचं म्हणणं होतं.

"लॉबीत जुने फोटो टांगून सगळेच मोकळे होतात, आजी. मला खरी वस्तू हवी आहे."

पाया खणताना तीन लांब दगड निघाले होते. मेस्त्री ते फोडून भरावात घालणार होता, हिनं अडवलं. कसले दगड ते मात्र कुणाला कळेना. तिनं फोनवर फोटो दाखवला आणि मी जवळजवळ ओरडलेच. "अगं, ही तर सुमैतांगी!"

सुमै म्हणजे ओझं. ते तोलून धरते ती सुमैतांगी. दोन दगड उभे आणि त्यावर एक आडवा. डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या माणसाला ती एकट्यानं उतरवता येत नाही, मान मोडते. तो या दगडापाशी येई, मोळी नुसती पुढं सरकवी, श्वास घेई, आणि निघताना तशीच परत डोक्यावर ओढून घेई. कुणाला हाक मारायला नको. एखादी बाई पोटुशी असतानाच गेली, तर तिच्या घरचे असा दगड उभारत. तिचं ओझं उतरायचं राहून गेलं, निदान दुसऱ्यांचं उतरावं. आमच्या वखारीपुढचा दगड कुणाच्या नावाचा होता ते मला ठाऊक नाही, पण माझी आजी त्याच्यापाशी आली की पायातल्या चपला काढायची.

मुलगी लिहीत होती. मग तिनं विचारलं, "खांब लांब आहेत. किती जमिनीत होते आणि किती वर?"

मी उभी राहिले, हात डोक्यावर ताणला आणि छातीठोकपणे सांगितलं, "एवढे! हात वर केला तरी वरचा दगड माझ्या बोटांना लागत नसे."

तिनं माझ्या बोटांच्या टोकापर्यंत टेप धरून माप घेतलं आणि खुशीत गेली.

आता दुसरी बाई. तीस वर्षं झाली, रोज सकाळी आमच्या गल्लीत एक कीरैवाली येते. कीरै म्हणजे पालेभाजी. माठ, शेवग्याचा पाला, हादगा. पाणी मारलेल्या जुड्यांची टोपली डोक्यावर. आमच्या गॅलरीखाली उभी राहून ती हाक मारी, "अम्मा, कै कुडुंगो!" हात द्या. मी खाली जाई, दोघी मिळून टोपली उतरवू. मग भांडण. मी म्हणायची जुडी लहान, ती म्हणायची तुमचे डोळे गेले.

पण त्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, यापुढं भरली घागरसुद्धा उचलायची नाही. समोरच्या फ्लॅटचा वॉचमन तिची हाक आली की नेमका आकाशाकडे बघे. येणारेजाणारे फोनवर. एके सकाळी एकटीनं उतरवायला गेली आणि अख्खी टोपली रस्त्यावर. मी वरून बघत होते, हात गळ्यात बांधलेला.

जुड्या वेचून झाल्यावर ती म्हणाली, "अम्मा, पुढच्या महिन्यापासून या गल्लीत येत नाही. मान दुखते. बाजारात बसेन."

"बाजारात तुला जागा कोण देतंय?"

"कुणी नाही. पण मान तर राहील."

"आणि मी भांडू कुणाशी?" मी हसत म्हटलं. मग एकदम डोक्यात आलं. अगं, दगड आहे ना!

दुसऱ्या दिवशी तिला टोपलीसकट बांधकामावर घेऊन गेले. नाशिकची मुलगी होती, मेस्त्री होता आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले मालकही आले होते. लॉबीच्या दाराशी त्यांनी खांबांच्या मापाचे बांबू उभे करून वर फळी बांधली होती. मोठी कमानच! खालून माणसं जाणार, वर दिवे लागणार.

कीरैवालीनं टोपली सांभाळत डोळे वर केले. "अम्मा, हे कुणासाठी? उंटासाठी?"

"असाच होता गं! मी डोळ्यांनी बघितलाय."

"तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"सात," मी म्हटलं.

मेस्त्री तर खालीच बसला हसत. मुलीनं कपाळाला हात लावला. "आजी! अख्खं ड्रॉइंग केलं मी!"

मालक मात्र हसले नाहीत. "कमान छान दिसते, कमानच राहू दे. खाली घेतली तर लोकांची डोकी आपटतील."

"मग आत नकोच, सर," मुलगी म्हणाली. "रस्त्याच्या कडेला, फाटकाबाहेर लावू. आपल्याच हद्दीत."

"बाहेर? मग आतल्यांना काय दिसणार?"

"सार," कीरैवाली म्हणाली, "सावकाश बोला. तुमचं ठरेपर्यंत कीरै माझ्या डोक्यावर शिजेल."

तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की ही मघापासून ओझं घेऊन उभी आहे. पटकन पुढं होऊन त्यांनी दोन्ही हात लावले. मेस्त्री पोचेपर्यंत सगळा भार त्यांच्यावर आला, गुडघे वाकले आणि टोपलीतलं पाणी शर्टाच्या बाहीतून थेट कोपरापर्यंत गेलं.

"एवढं? रोज?"

"रविवारी जास्त असतं."

त्यांनी बाही पिळली. मग मेस्त्रीला म्हणाले, "हिचं माप घे."

मेस्त्रीनं तिच्या डोक्याला टेप लावला तर ती खेकसली. टेपनं काय कळतंय? विटा रच, फळी ठेव. मग ती चालत आली, टोपली सरकवून बघितली. "एक वीट काढ." पुन्हा आली. "अर्धी घाल." मी मधे बोलायला गेले तर म्हणाली, "अम्मा, तुम्ही गप्प बसा, तुम्ही सात वर्षांच्या आहात!" चौथ्या खेपेला टोपली अशी सरकली, जशी तव्यावरून ताटात पोळी.

तेवढी उंची मेस्त्रीनं खऱ्या खांबाच्या माथ्यापासून खाली मोजली, जमीन येईल तिथं खूण केली आणि सुकलेला चिखल धुतला. खुणेच्या चार बोटं खाली दगड खडबडीत होता, वर गुळगुळीत. खडबडीत भाग पूर्वी मातीत गाडलेला, म्हणजे जुनी जमीन जवळजवळ तिथंच होती. मुलगी त्या रेषेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

इमारत सुरू झाली. दगड फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा आहे. घरपोच जेवण आणणारे आपली चौकोनी पेटी त्यावर टेकवून पत्ता शोधतात. वॉचमन चहाचा पेला ठेवतो.

पहिल्या सकाळी मी गॅलरीत उभी होते. कीरैवाली आली. चपला बाजूला काढल्या, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मान ताठ ठेवून दगडाशी गेली, टोपली सरकवली, दोन्ही हातांनी मान चोळली. मग वर बघून ओरडली, "अम्मा! हात नको आज. नुसत्या खाली या, भांडायला!"

मी जिना उतरले. जुडी खरंच लहान होती.