कॅलेंडरवरचा बत्ताशा

टेबलावर कुत्रं आलं की आमच्या दवाखान्यातली मदतनीस मावशी आधी मूठ वळून त्याच्या नाकापुढं धरायची. ते हुंगेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. कुत्र्यांच्या दवाखान्यात येणारे मालक तुम्हीही पाहिले असतील, आजाराआधी जात सांगतात. कुणी "प्युअर लॅब्राडोर आहे" असं सुरू केलं की मावशी म्हणायची, "ते बीएस्सी लिव्हतील. तुमी नाव सांगा."

बीएस्सी म्हणजे मी. खुलताबादकडच्या आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच, आणि हे मी कुणी न विचारताही सांगायचो. दवाखान्यात गोचीडतापावर अभ्यास चालू होता, त्याचे फॉर्म भरणं माझं काम. फॉर्मवर चार जाती छापलेल्या, सगळ्या विलायती. गावठी कुत्र्याला रकानाच नव्हता. "छापलंय तेवढंच भरायचं," असं मी ऐटीत म्हणायचो.

आता गंमत बघा. तापानं रक्त आटून पांढरी पडलेली ही जातिवंत कुत्री बऱ्याचदा जगायची ती बत्ताशाच्या रक्तावर. बत्ताशा म्हणजे आमच्या आवारातलं पांढरं गावठी कुत्रं. त्यानं रक्त दिलं की मावशी त्याला दोन उकडलेली अंडी द्यायची आणि भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत लिहायची, 'बत्ताशा'. वर दर महिन्याला एका विलायती कुत्र्याचा फोटो.

"मावशी, ह्याला रेकॉर्ड म्हणत नाहीत," मी एकदा हसलो.

"नसंना का. मला कळतंय ना, कवा दिलं ते."

एका सकाळी सिडकोतल्या एक बाई लॅब्राडोर घेऊन आल्या. हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले, "बत्ताशाला आणा."

मावशी दारात आडवी उभी राहिली. "नाय. त्यानं धा दिसांमागंच दिलंय. परत काढलं तर ते बी जाईल."

"कधी दिलं?" डॉक्टर तेव्हा रजेवर होते, बदलीवरच्या डॉक्टरांनी रक्त काढलं होतं. "फाईलमध्ये कुठंय?"

फाईल माझ्या हातात होती. रक्त मिळालेल्या शेफर्ड कुत्र्याचं वय, वजन, जात, सगळं तिच्यात होतं. देणाऱ्याचं एक अक्षर नव्हतं.

लॅब्राडोरचा श्वास तुटत होता. बाई रडकुंडीला आल्या. "काढा ना हो! गल्लीतलंच तर आहे ते!"

मावशी दारातून हलली नाही. माझ्याकडं बघत राहिली. दहा दिवसांपूर्वी सुई लावली तेव्हा बत्ताशाचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पण ते सांगायचं म्हणजे माझे फॉर्म अपुरे आहेत, हे सगळ्यांदेखत सांगायचं.

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि डॉक्टरांपुढं धरलं. "सर, हे खरं आहे. मी होतो तिथं. मीच लिहिलं नाही."

डॉक्टरांनी तारीख पाहिली. "मग आता कुठून आणायचं?"

"अर्धा घंटा द्या," म्हणत मावशी बाहेर पळाली.

बाई कुत्र्याच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होत्या. मी घड्याळ आणि दार, दार आणि घड्याळ.

मावशी आली ती धापा टाकत, दोरीला एक धिप्पाड पिवळं कुत्रं. "टपरीवाल्याचं हाय. इचारून आणलंय. नाव भजा."

भज्याचं रक्त तपासलं, जुळलं. दुपार उलटल्यावर लॅब्राडोर उठला आणि चार घोट पाणी प्याला. बाई बाहेर गेल्या. पायरीवर अंडं खात बसलेल्या भज्यापुढं त्यांनी मूठ वळून धरली.

त्या दिवशी मी प्रत्येक फॉर्मवर पट्टीनं एक रकाना आखला: रक्त कुणाचं. मावशी खांद्यावरून वाकून बघत होती. "नुसतं गावठी नको लिव्हू, बीएस्सी. नाव लिव्ह."

मावशी आता काम सोडून गावी, पिशोरला असते. ती गेल्यावर अभ्यासाचा अहवाल आला. चार जातींचे चार तक्ते. माझा रकाना त्यात नव्हता. मी फोन करून तिला सांगितलं.

ती म्हणाली, "बत्ताशाचं शेवटचं कवा घेतलं?"

मी भिंतीकडं पाहिलं. यंदाच्या कॅलेंडरवर अक्षर माझं आहे. "महिना झाला, मावशी. अजून महिनाभर हात लावू देत नाही."

"व्हय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.