फौजीनं पाठ केलेली उत्तरं

मागच्या अंगणात चादर वाळत घालताना तिनं ते भांडण ऐकलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. आत नवरा आणि सासूबाई यांची जुंपली होती, आणि विषय होता ती.

सासूबाईंचं म्हणणं, सुनेनं शिवण शिकावं, टायपिंग शिकावं, पण मनाच्या दुखण्यांचं शिक्षण कसलं घेते? दारात वेड्यांची रांग लागेल. नवरा फौजेत, पण आईपुढे आवाज कधी न चढवलेला. त्या दिवशी चढला. "वर्षातले नऊ महिने मी घरात नसतो, आई. तिनं काय भिंतींशी बोलायचं?"

"भिंती बऱ्या. उलट उत्तर तरी देत नाहीत."

चादरीआड ती हसली, मग रडलीही. आपल्यासाठी कुणीतरी भांडतंय, हे तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

शिक्षण झालं, पण गोगलगायीच्या चालीनं. परीक्षा लवकर पास झाली. पण पुढे एखाद्या जाणत्याच्या हाताखाली ठरावीक तास रुग्णांपाशी बसावं लागे. तास निम्मे भरले की बदलीचा हुकूम आलाच. लोखंडी ट्रंका उचलून नव्या छावणीत जावं, तर तिथली संस्था म्हणे, तिकडचे तास तिकडे, इथे पहिल्यापासून. असं तीनदा पहिल्यापासून. दुसऱ्या एखादीनं पुस्तकं रद्दीत घातली असती. ही चिवट. अकरा वर्षांनी छावणीच्या दवाखान्यात तिला खोली मिळाली. तिथे शिरणारा प्रत्येक जवान आधी मागे वळून बघे, कुणी पाहत तर नाही ना. ती बोलायची कमी, ऐकायची फार, म्हणून तिला सगळे कानताई म्हणू लागले.

शिकत असताना सरावाला तिचा एकच हक्काचा रुग्ण होता. नवरा सुटीवर आला की ट्रंकेवर बसायचा आणि ती छापील प्रश्न विचारायची. झोप लागते का, दचकता का, जगणं नकोसं वाटतं का. तो तोंड गंभीर करून म्हणे, "मॅडम, बायको सारखी प्रश्न विचारते. यावर काही गोळी आहे का?"

एकदा त्यानं सगळ्यालाच "नाही, कधीच नाही" असा सपाटा लावला. तेव्हा तिनं समजावलं, असं ठणठणीत उत्तर आलं की आम्हाला शंका येते. धडधाकट माणूस म्हणतो, कधीकधी झोप लागत नाही, पण मग उठून काहीतरी काम काढतो. नवऱ्यानं मान डोलावली. शाळेत त्यानं एकही धडा इतका मन लावून ऐकला नसेल.

मग ते डोंगरावरचं वर्ष आलं. बर्फाच्या रस्त्यावरून गाडी दरीत गेली, त्याच्या हाताखालचे दोन जवान गेले. हा मागच्या गाडीत होता. घरी आला तो अर्धाच. बूट पुसायला बसला की तास तास पुसत राही. परत धाडण्याआधी मनाची तपासणी होई, आणि घरच्या माणसाला घरच्यानं तपासायचं नाही, असा नियम. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी तपासलं. चहाच्या वेळेला नवरा 'फिट' असा शिक्का घेऊन घरी आला.

काय सांगितलंत, असं तिनं विचारलं.

"तूच शिकवलेलं. कधीकधी झोप लागत नाही, पण उठून काम काढतो."

तिनं त्याला समोर बसवलं, खरं काय ते विचारलं, आणि तो बोलला. त्या दोघांविषयी बोलला, त्यांच्या आयांविषयी बोलला. आता पुढचं काही दिसतच नाही, म्हणाला. शेवटी तिच्याकडून शब्द घेतला, की हे डॉक्टरांना कळता कामा नये. कळलं तर कारकुनीत बसवतील, पलटण तोंडावर हसेल. परत आल्यावर तो आपणहून जाणार होता.

डॉक्टरांचं दार तिच्या दारापासून सहा पावलांवर. चार दिवस ती त्यावरून गेली-आली. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, पण जिवावर बेतत असेल तर न्यायचं, हे तिला पाठ होतं. परक्यांसाठी तिनं दोनदा नेलंही होतं. घरात मात्र बायको व्हायच्या वेळी ती कानताई झाली, आणि कानताई व्हायच्या वेळी बायको. पाचव्या दिवशी तो गेला.

तीन आठवड्यांनी दोन अधिकारी टोप्या हातात घेऊन दारात उभे राहिले. तो ना शत्रूच्या हातून गेला होता, ना थंडीनं. गेला तो आपल्याच हातानं. सासूबाईंनी सुनेला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

महिनाभर तिची खोली बंद होती. उघडली तेव्हा आत एक खुर्ची वाढलेली. तपासणीला येणाऱ्यानं घरचं माणूस सोबत आणायचं, बायको, बहीण, म्हातारा बाप, कुणीही. आणि निम्मे प्रश्न त्या माणसाला. वरचे साहेब कुरकुरले. ती म्हणाली, पटत नसेल तर बदली करा, मला सवय आहे. वीस वर्षं तिनं असंच चालवलं.

निवृत्तीनंतरही बायका तिला बोलावत. तिच्या आयुष्यातला शेवटचा मंगळवारही असाच. एका जवानाच्या बायकोचा फोन आला, नवरा जेवत नाही, परवा निघायचंय, आणि कुणाला सांगू नको म्हणतो. कानताईच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. ते तिनं पित्तावर ढकललं आणि चप्पल घातली. त्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलता सोलता तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दोघांना घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरांच्या दाराशी जवान फणकारला, "मावशी, तुम्ही माझं नाक कापलंत."

"नाक कापलेला माणूस जगतो, बाळा," ती म्हणाली. "जा आत."

तो आत गेला, मागोमाग बायको. दार लागेपर्यंत कानताई बाकावर बसून राहिली. मग हळूच उठली आणि नेहमीसारखी सावलीच्या बाजूनं घराकडे चालू लागली.